कोल्हापुरात नवीन आलाय? केएमटी, एसटी, वडाप आणि रेल्वेनं फिरायचं कसं ते सगळं इथं वाचा

विद्यापीठात शिकायला आलेली पोरं असोत, शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेली माणसं असोत, नाहीतर सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याला, पेशंट घेऊन आलेले नातेवाईक असोत, कोल्हापुरात नवीन आलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, स्वतःची गाडी नसेल तर इथं फिरायचं कसं? त्यावर इथली माणसं पटकन सांगून मोकळी होतात, "रिक्षा करा की." रिक्षा आहेच, पण रोज दोन वेळा रिक्षा कुणाला परवडणार, आणि खरं सांगायचं तर तशी गरज पण नाही. केएमटी म्हणजे महापालिकेची बस, एसटी, वडाप म्हणजे भरली की सुटणारी जीप, आणि रेल्वे एवढ्यावर इथली हजारो माणसं रोजची कामं करतात. फक्त इथली मांडणी एकदा डोक्यात बसायला पाहिजे आणि ती कुठल्या बोर्डावर लिहिलेली नसते, म्हणून हे सविस्तर लिहिलंय.

सगळ्यात आधी बाजू ओळखा

कोल्हापुरात बसचा नंबर पाठ करत बसू नका. तुम्ही कुणालाही विचारा की अमुक ठिकाणी जायला कुठली गाडी, तर समोरचा आधी म्हणणार, "ते कुठल्या बाजूला आलं?" म्हणजे बावड्याच्या बाजूला, कळंब्याच्या बाजूला, फुलेवाडीच्या बाजूला, का कागलच्या बाजूला. एकदा बाजू कळली की गाडी कुठली, स्टँड कुठला, थांबा कुठला हे आपोआप सुटतं. म्हणून खोली भाड्यानं घेतली असेल तर घरमालकांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की काका, आपण कुठल्या बाजूला येतो आणि जवळचा थांबा कुठला म्हणतात. थांब्याला लोक जे नाव घेतात तेच लक्षात ठेवा, मॅपवर भलतंच काहीतरी दाखवतं.

आता हे असं का आहे ते थोडं जुनं सांगायला लागेल, पण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. जुनं शहर अंबाबाईच्या देवळाभोवती वसलेलं. महाद्वार रोड, जोतिबा रोड, भवानी मंडप, मिरजकर तिकटी, गंगावेश, सगळं चालत फिरण्याएवढ्या अंतरात, आणि रस्तेही त्याच मापाचे. मग १८९१ ला मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली, ती संस्थानची रेल्वे होती, आणि स्टेशन झालं गावाच्या बाहेर पूर्वेला. स्टेशन आलं म्हणून त्याच्या बाजूला १८९५ ला शाहूपुरी वसवली, गुळाचा व्यापार तिकडं गेला, पेढ्या गेल्या. त्या काळात स्टेशनवर उतरलेला माणूस टांग्यानं नाहीतर चालत गावात यायचा, आणि खुद्द शाहू महाराज त्यांच्या खडखड्यातून, म्हणजे घोडागाडीतून, फिरायचे, त्याच्या गोष्टी अजून जुनी माणसं सांगतात. पुढं एसटीचं मध्यवर्ती स्टँडही स्टेशनजवळच झालं.

त्यामुळं आज कोल्हापूरची दोन टोकं आहेत. एक छत्रपती शिवाजी चौक आणि त्याच्या आजूबाजूचं जुनं गाव, दुसरं सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन. दोन्हीत अंतर दोन-अडीच किलोमीटरचंच, मधे व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी, दसरा चौक, बिंदू चौक लागतात. आणि या दोन टोकांमधून सगळ्या बाजूंना रस्ते फुटतात, तळहाताला बोटं फुटावीत तसे. राजारामपुरीत राहणारी माणसंही महाद्वारला खरेदीला निघाली की "गावात जाऊन येतो" म्हणतात, तेव्हा केएमटीत कुणी विचारलं की ही गावात जाते का, तर ते शिवाजी चौकाबद्दलच विचारतायत असं समजायचं.

बाजू थोडक्यात अशा. कावळा नाका, तावडे हॉटेल हा रस्ता हायवेला आणि पुढं शिरोली, सांगली, पुण्याकडं. राजारामपुरी, सायबर कॉलेज, विद्यापीठ ही बाजू पुढं उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागलकडं. दक्षिणेला संभाजीनगर, कळंबा आणि पुढं गारगोटी. पश्चिमेला रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा आणि पुढं गगनबावडा. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे, केर्ली, जोतिबा, पन्हाळा, रत्नागिरी. सीपीआरवरनं सरळ उत्तरेला गेलात की कसबा बावडा आणि पुढं शिये. एवढं जरी कागदावर हातानं काढून खिशात ठेवलंत तरी तुमचं अर्धं काम झालं.

गावात पाऊल ठेवताना

बाहेरून येताना कुठं उतरायचं हे आधी ठरवा. एसटीनं आलात तर बहुतेक सीबीएसला उतरता, रेल्वेनं आलात तर शेजारीच. पण पुणे-बेंगळुरू हायवेनं जाणाऱ्या खाजगी ट्रॅव्हल्स आणि काही लांबच्या गाड्या शहरात येत नाहीत, त्या तावडे हॉटेलजवळ नाहीतर उजळाईवाडीच्या पुलाजवळ सोडून पुढं जातात, आणि नेमकं पहाटे. तिकीट काढतानाच विचारा की गाडी आत येणार का हायवेवर सोडणार. हायवेवर उतरणार असाल आणि वेळ पहाटेची असेल तर रिक्षा किंवा घ्यायला येणारं माणूस आधी ठरवून ठेवा, सामान आणि लहान पोरं घेऊन सर्व्हिस रोडला उभं राहणं बरं नव्हे. उजाडल्यावर मात्र तावडे हॉटेलवरनं गावात यायला साधनं मिळतात.

विमानानं येणाऱ्यांसाठी एवढंच, की विमानतळ उजळाईवाडीला आहे, १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला, आणि नवीन टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ ला झालं. कागलच्या बाजूची बस उजळाईवाडीपर्यंत येते पण तिथून टर्मिनल आत आहे, सामान असेल तर सरळ रिक्षा नाहीतर टॅक्सीच करा.

राजारामपुरीत जायचं असेल आणि तुम्ही स्टेशनला उतरला असाल तर रिक्षावाले मामा परीख पुलाखालनं नेतात. तो रेल्वेखालचा बोगदा आहे, जवळचा रस्ता, पण मोठा पाऊस झाला की तिथं पाणी साठतं. तेव्हा मामा लांबनं फिरवून नेत असले तर पैसे वाढवायला नेतायत असं लगेच धरू नका.

केएमटी

केएमटी म्हणजे महापालिकेची परिवहन सेवा. एसटी वेगळी आणि केएमटी वेगळी, हे नवीन माणसाला पहिल्यांदा सांगायला लागतं, कारण दोन्हीला लोक नुसतं "बस" म्हणतात. केएमटी सुरू झाली साठच्या दशकात, तेव्हा इथं नगरपालिका होती, महानगरपालिका १९७२ ला झाली. त्या काळात गिरणीला जाणारा कामगार, बावड्याच्या साखर कारखान्यातला माणूस, राजाराम कॉलेजची पोरं सगळी याच बसवर. आज घरोघरी दुचाकी आल्या, बसची संख्या आणि फेऱ्या पूर्वीएवढ्या राहिल्या नाहीत, केएमटी तोट्यात आहे हे पेपरात कायम येतं, आणि तरीही उपनगरातल्या मोलकरणी, शाळेची पोरं, भाजी विकायला येणाऱ्या मावश्या, पेन्शनर यांची रोजची गाडी हीच आहे. केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतून कोल्हापूरला १०० ई-बस मंजूर झाल्यात. माझं मत विचाराल तर ज्याला जमतं त्यानं आठवड्यातून चार वेळा तरी केएमटीनं जावं, कारण गाडी भरून गेली तरच फेरी टिकते, रिकामी गेलेली फेरी बंद करायला कारण लागत नाही.

आता चढायचं कसं ते. केएमटी शहरापुरती नाही, आजूबाजूच्या गावांपर्यंत जाते, गांधीनगर, कागल, वडणगे, शिये अशा बऱ्याच बाजूंना. बोर्डावर मार्गाची दोन्ही टोकं लिहिलेली असतात, ती मराठीत. तुम्हाला मधेच उतरायचं असेल तर त्या बाजूचं शेवटचं ठिकाण माहीत पाहिजे, म्हणून वर बाजूंचं एवढं सांगितलं. समजा तुम्ही शिवाजी चौकात उभे आहात आणि सानेगुरुजी वसाहतीला जायचंय. गाडी आली, ड्रायव्हरनं वेग कमी केला, दारात कंडक्टर उभा आहे आणि तो तोंडानं मार्ग सांगतोय, एका दमात चार-पाच थांबे. ते पहिल्या दिवशी कळणार नाही. लाजू नका, मोठ्यानं विचारा, "मामा, सानेगुरुजी जाणार काय?" मामा मान हलवतील नाहीतर "मागची, मागची" म्हणून हात करतील. मागची म्हटले की मागून खरंच गाडी येत असते, कंडक्टरला पुढची-मागची गाडी माहीत असते, त्यामुळं थांबा. चढल्यावर दारात उभं राहू नका, आत सरका. तिकीट घेताना ठिकाणाचं नाव आणि किती जण एवढं एकदम सांगा, "सानेगुरुजी, दोन", झालं. आणि सकाळी सकाळी पाचशेची नोट काढू नका हो, सुट्टे ठेवा. तिकीट घेतानाच सांगून ठेवलं की "मामा, थांबा आला की सांगा", तर बहुतेक कंडक्टर लक्षात ठेवून हाक मारतात, आणि कंडक्टर विसरला तरी शेजारची मावशी सांगते.

अजून एक. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन थांबे असतात आणि दोन्हीकडं येणाऱ्या गाड्यांवर सारखीच नावं दिसू शकतात, कारण बोर्डावर दोन्ही टोकं लिहिलेली असतात. तेव्हा गाडीचं तोंड कुठं आहे ते बघा आणि चढताना कुठून आली हे न विचारता कुठं निघाली ते विचारा.

रोज जाणार असाल तर पास काढा. फोटो आणि ओळखपत्र लागतं, विद्यार्थी असाल तर शाळा-कॉलेजचं बोनाफाईड लागतं, आणि जून-जुलैत पासच्या खिडकीला पोरांची ही रांग असते, म्हणून ॲडमिशन झाली की त्याच आठवड्यात जाऊन या. एसटीत मिळणाऱ्या सवलती केएमटीला आपोआप लागू होत नाहीत हे मात्र ध्यानात ठेवा, इथं कुठली सवलत आहे ते पासच्या खिडकीवरच विचारायचं.

फेऱ्यांचं खरं सांगायचं तर मोठ्या रस्त्यांवर, म्हणजे सीबीएस ते शिवाजी चौक, राजारामपुरी, बावडा वगैरे, दिवसा गाडी मिळून जाते. उपनगरांच्या टोकाला मात्र वेळ बघूनच निघायला लागतं. तुमच्या थांब्यावर येणाऱ्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा तिथल्या पानपट्टीवाल्याला किंवा चहावाल्याला विचारून लिहून घ्या, त्यांना पाठ असतात. आणि रात्री उशिरा केएमटीच्या भरवशावर राहू नका, शेवटची गाडी किती वाजता हे त्याच दिवशी सकाळी विचारून ठेवा.

रिक्षा आणि वडाप

कोल्हापूरच्या रिक्षा बघितल्या की नवीन माणूस फोटो काढतो, एवढ्या चकचकीत ठेवतात, आरसे काय, सीट कव्हर काय, मागं लिहिलेल्या ओळी काय, इथं रिक्षांच्या सौंदर्य स्पर्धासुद्धा होतात. माणसंही बहुतेक चांगली, पत्ता नीट सांगतात. बसण्याआधी "मामा, मीटरनं ना?" एवढं विचारून घ्या. मीटरनं नाही म्हणाले तर आकडा ठरवूनच बसा, उतरल्यावर वाद नको. रात्री बारानंतर दर जास्त असतो. ॲपवरच्या गाड्या पुण्या-मुंबईएवढ्या इथं पसरलेल्या नाहीत, तेव्हा नुसत्या मोबाईलवर विसंबून पहाटेची ट्रेन पकडायला निघू नका. गल्लीतल्या एखाद्या रिक्षावाल्या मामांचा नंबर घेऊन ठेवा, पहाटेला आणि पेशंट न्यायला तोच उपयोगी पडतो.

वडाप म्हणजे भरली की सुटणारी गाडी. जीप, मॅक्सिमो, सहा आसनी, जे असेल ते. नाक्यानाक्यावर आणि स्टँडच्या बाहेर उभी असते, पोरगं ओरडत असतं "चला पन्हाळा पन्हाळा" नाहीतर "चला इचलकरंजी". एसटी चुकली, गावाला जायला दुसरं काही नाही, तेव्हा वडापच सोडवतं, खेड्यातल्या माणसाला हे बरोबर माहीत आहे. पण चढण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, गाडी सुटायला अजून किती सीट राहिल्यात, कारण "सुटलीच" म्हणत अर्धा तास काढतात. दोन, दर आधी विचारा. तीन, मागं लोंबकळणारी माणसं दिसली तर ती गाडी सोडा. यातल्या बऱ्याच गाड्यांना प्रवासी वाहतुकीचं परमिट नसतं आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना घरच्यांचे फार हाल होतात. म्हणून एसटी उभी असेल तर एसटीनंच जा, दहा मिनिटं जास्त लागली तरी.

गंगावेशीत गाडीची वाट बघायची वेळ आली तर दूध कट्टा शोधा. म्हशी उभ्या असतात, तुमच्या समोर धार काढतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात. संध्याकाळी वेळ असेल तर ग्लासभर दूध पिऊनच पुढं जा.

एसटी: स्टँड एक नाही

नवीन माणसाचा सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. कोल्हापुरात एसटीची तीन स्टँड आहेत, सीबीएस, रंकाळा आणि संभाजीनगर. पुणे, मुंबई, सांगली, सोलापूर, बेळगाव अशा लांबच्या आणि हायवेच्या गाड्या सीबीएसवरनं. गगनबावड्याच्या बाजूच्या बऱ्याच गाड्या रंकाळा स्टँडवरनं, आणि गारगोटी, राधानगरीकडच्या बऱ्याच संभाजीनगरवरनं. काही गाड्या सीबीएसवरनं निघून दुसऱ्या स्टँडला पण थांबतात. तुम्ही रंकाळ्याजवळ राहत असताना उगाच सीबीएसला जाऊन परत त्याच रस्त्यानं यायला नको, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

सीबीएसवर गेल्यावर आधी चौकशीची खिडकी गाठा, मग फलाट. गाडी लागली की बोर्ड वाचा, आणि "मार्गे" काय लिहिलंय ते पण वाचा, कारण एकाच गावाला दोन रस्त्यांनी गाड्या जातात. गर्दीच्या वेळी खिडकीतून रुमाल नाहीतर पिशवी टाकून जागा धरायची पद्धत अजून आहे, ती इथं सगळे मानतात, कुणाचा रुमाल असेल तर उचलून बसू नका, भांडण तिथूनच सुरू होतं. इचलकरंजीसारख्या जवळच्या मार्गावर विनावाहक विनाथांबा गाड्या असतात. त्यात कंडक्टर बरोबर येत नाही, तिकीट स्टँडवरच देतात आणि गाडी मधे थांबत नाही. तुम्हाला मधल्या गावाला उतरायचं असेल तर त्यात चढू नका.

एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, कोल्हापूर संस्थान तेव्हा विलीनही झालं नव्हतं, ते झालं १ मार्च १९४९ ला. त्यानंतर एसटी इथल्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत पोचली आणि गावची पोरं, विशेषतः पोरी, कॉलेजला यायला लागल्या ते या लाल गाडीमुळं, हे इथल्या कुठल्याही घरात विचारा. आजही मुक्कामाची गाडी असते, म्हणजे संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, शाळेची पोरं, दवाखान्याची माणसं घेऊन शहराला येते. तुम्ही शाहूवाडी नाहीतर गगनबावड्याच्या एखाद्या वाडीत शिक्षक, नर्स, ग्रामसेवक म्हणून जाणार असाल तर त्या गावची मुक्कामी गाडी कधी येते आणि पहाटे कधी निघते हे सगळ्यात आधी विचारा, तुमचं सगळं वेळापत्रक त्यावर बसवायला लागणार.

सवलती लक्षात ठेवा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवायचा, झेरॉक्स चालेल का म्हणून कंडक्टरशी वाद घालण्यापेक्षा कार्डच ठेवा. विद्यार्थ्यांच्या पासला मोठी सवलत असते, तिसरा हिस्साच भरायला लागतो, त्यासाठी कॉलेजचा सही-शिक्का असलेला फॉर्म लागतो.

पण या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. निपाणी, चिकोडी, बेळगावला जाणाऱ्या ताई विचारतात की अर्धं तिकीट का नाही, तर हद्दीच्या पुढच्या भागाचं पूर्ण तिकीट लागतं. कर्नाटकच्या गाडीत तिकडच्या बायकांना मोफत प्रवास आहे, तो फक्त कर्नाटकात राहणाऱ्यांना आणि कर्नाटकच्या हद्दीतच. आणि सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद होतात नाहीतर कागल, कोगनोळीपर्यंतच येतात. असं काही बातम्यांत दिसलं तर निघण्याआधी स्टँडला फोन करा.

रेल्वे

आपलं स्टेशन म्हणजे श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. रूळ इथं संपतो, पुढं कुठं जात नाही. त्याचा फायदा असा की सगळ्या गाड्या इथूनच सुटतात, वेळेआधी गेलात की जनरलमध्येही बसायला जागा मिळते. तोटा असा की गोवा, हुबळी, बेंगळुरू बाजूच्या बऱ्याच गाड्यांसाठी मिरजेला जायला लागतं. मिरज पन्नासएक किलोमीटर, आणि मधे गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्टेशनं. सांगली-मिरज-जयसिंगपूरहून रोज येणाऱ्यांनी पॅसेंजरचा महिन्याचा पास काढावा, एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, फक्त गाडीच्या वेळेला तुमची वेळ जुळली पाहिजे. वळिवडे तेच जिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, आणि गांधीनगरच्या कापड बाजाराला ते स्टेशन जवळ पडतं.

मुंबईसाठी रात्रीची महालक्ष्मी आणि दिवसाची कोयना. पुण्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत पण आहे, पण ती आठवड्यात ठराविक दिवशीच असते, वार बघूनच बुकिंग करा. महालक्ष्मीचं तिकीट दिवाळी, मे महिना, गणपतीला आधी नाही काढलं तर मिळत नाही. कोकणात मात्र इथून रेल्वे नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर होऊन किती वर्षं झाली, घाटाखाली उतरायला अजून एसटीच. हा मार्ग व्हायला पाहिजे, त्यानं कोल्हापूरचं रूपच बदलेल.

सण, यात्रा आणि पूर

नवरात्रात आणि सुट्टीच्या दिवशी अंबाबाईला जायचं असेल तर देवळाच्या दारात गाडी जाईल ही आशा सोडा. बिंदू चौक नाहीतर शिवाजी चौकाच्या अलीकडं उतरा आणि चाला. नवरात्रात केएमटी दुर्गादर्शनाच्या खास बस सोडते, आईवडील आले असतील तर त्यांना त्यातनं न्या, एका फेरीत सगळी देवळं होतात. गणपती विसर्जनाला मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि महाद्वार रोडच्या आसपासचे मार्ग बदलतात. चैत्रात जोतिबाची यात्रा, पौर्णिमेला नृसिंहवाडी, अमावस्येला आदमापूर, या दिवशी एसटी जादा गाड्या सोडते, पण त्यामुळं तुमच्या नेहमीच्या गाडीची फेरी कमी होऊ शकते, ते धरून निघा.

आणि पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात माणूस माणसाला भेटला की विचारतो, "आज किती फूट?" हे पंचगंगेचं पाणी, राजाराम बंधाऱ्यावर मोजलेलं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नवीन माणसानं हे दोन आकडे पाठच करावेत, कारण सगळी वाहतूक त्यावर चालते. पाणी चढायला लागलं की एकेक रस्ता बंद होतो, केर्लीजवळ रत्नागिरी-पन्हाळा रस्ता, गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकली, शियेकडचा रस्ता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता काही दिवस पूर्ण बंद होता, रेल्वेही थांबली होती.

तेव्हा इशारा पातळीच्या जवळ पाणी आलं की काय करायचं ते आधी ठरवा. नदीपलीकडच्या गावातनं कामाला येत असाल तर ३९ च्या आसपासच साहेबांना सांगून ठेवा की उद्या येणं जमेल का माहीत नाही, किंवा शहरात पाहुण्यांकडं राहायची सोय बघा. औषधं, पोरांचं दूध, थोडी रोख रक्कम घरात ठेवा, कारण रस्ता तुटला की एटीएममध्ये पैसे आणि पंपावर पेट्रोल दोन्ही लवकर संपतं. एसटी "पर्यायी मार्गे" जाईल असं सांगितलं तर किती फिरून आणि किती तिकीट हे चढण्याआधी विचारा. वाहत्या पाण्यातनं गाडी काढतो म्हणणाऱ्या कुठल्याही वडापात बसू नका, कितीही घाई असली तरी. आणि पाणी उतरल्यावर पहिल्या दिवशी लगेच निघू नका, रस्त्यावर गाळ असतो, साईडपट्ट्या खचलेल्या असतात, एसटीची आपल्या मार्गावरची गाडी सुरू झाली का ते चौकशीच्या खिडकीवर विचारा, ती सुरू झाली म्हणजे रस्ता तपासून झालाय असं समजून मग निघा.